गुप्तेबाईंचा टँक

गुप्तेबाईंची आणि माझी ओळख डब्यावरून झाली. अंधेरी पूर्वेला कारखान्यांच्या मागच्या अंगाला आमची मुलींची शाळा होती. मी तिथे मराठी शिकवायला लागले, त्याचा तो पहिला दिवस. मधल्या सुट्टीत डब्याचं झाकण निघेना म्हणून मी खटपट करत होते. समोरून एक उंच, काटक बाई आल्या, डबा माझ्या हातातून घेतला, टेबलाच्या कडेवर आपटला, उघडला आणि परत दिला. "आडनाव?" म्हणाल्या. "देसाई," मी म्हटलं. "देसाई, सुट्टी संपेल." आणि गेल्या. त्या पी.टी.च्या गुप्तेबाई.

कुठलीही गोष्ट होत असताना त्यांना बघवत नसे. ती झालेलीच हवी असे. समोरच्याचं वाक्य त्या स्वतःच पुरं करायच्या आणि बहुतेक वेळा चुकीचं करायच्या. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "येत्या शनिवारी..." की गुप्तेबाई म्हणणार, "सुट्टी!" "नाही हो, तपासणी आहे." "तेच ते." चहा कढत असतानाच घशाखाली घालायच्या आणि मग दिवसभर जीभ भाजल्याची तक्रार करायच्या. एकदा आम्ही दोघी सिनेमाला गेलो होतो. मध्यंतरात त्यांनी शेजारच्या परक्या गृहस्थाला विचारलं, "तुम्ही आधी पाहिलाय का हो? शेवटी ती कुणाशी लग्न करते?" त्याने सांगितलं. बाई उठल्या. "चल, देसाई. कळलं."

बक्षीस समारंभाची गोष्ट तर शाळेत कितीतरी वर्षं सांगितली जायची. प्रमुख पाहुण्यांना यायला उशीर झाला. मुली उन्हात उभ्या होत्या. बाईंनी थोडा वेळ घड्याळाकडे पाहिलं, थोडा वेळ फाटकाकडे पाहिलं, आणि सगळी बक्षिसं स्वतःच वाटून टाकली. पाहुणे आले तेव्हा टेबलावर नुसता हार उरला होता. मुख्याध्यापिकांचा चेहरा उतरला. बाई मात्र सरळ रांगेत शिरल्या, लांब उडीच्या मुलीच्या हातातला कप काढून घेतला, टेबलावर ठेवला आणि माईकवर म्हणाल्या, "लांब उडी, प्रथम क्रमांक!" ती पोर दुसऱ्यांदा आली. टाळ्या पहिल्यापेक्षा जोरात पडल्या.

मुली त्यांना पाठीमागे भिंगरी म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. भिंगरी म्हणणाऱ्या मुली मैदानावर त्यांच्यासाठी जीव टाकत, हेही ठाऊक होतं.

त्यांच्या डोक्यात पोहण्याचं वेड शिरलं ते वर्सोव्याला. सहल म्हणून आम्ही मुलींना समुद्रावर नेलं होतं. आमच्या बहुतेक मुली चाळींतून येणाऱ्या, आईबाप कोकणातले. सगळ्या जणी एकमेकींचे हात घट्ट धरून घोटाभर पाण्यात उभ्या आणि लाट आली की किंचाळत होत्या. बाईंना ते सहन होईना. त्या स्वतः लहानपणी रेवदंड्याला आजोळच्या विहिरीत पोहायला शिकलेल्या. परत येताना बसमध्ये सगळा वेळ माझं डोकं खात होत्या. "समुद्राच्या काठावर राहायचं आणि पाण्याला घाबरायचं, हे काय यार! बापांनी गावाला विहिरी गाजवल्या आणि यांना बादली तेवढी माहीत."

"पण शिकवणार कुठे?" मी विचारलं.

"ते बघू," त्या म्हणाल्या. म्हणजे त्यांनी आधीच बघितलं होतं.

अंधेरी पश्चिमेला लालवाणी म्हणून एका कापडवाल्यांचा बंगला होता. लालवाणीबाईंच्या कंबरेचं दुखणं होतं आणि गुप्तेबाई सकाळी शाळेआधी त्यांना व्यायाम शिकवायला जायच्या. बंगल्याच्या मागे पोहण्याचा टँक होता. तेव्हा अशा घरी टँक असणं म्हणजे फारच मोठी गोष्ट. पण नवरा आणि मुलं दुबईला गेल्यापासून त्यात कोणी उतरलं नव्हतं. पंप जळाला होता, फिल्टर बंद होता. गुप्तेबाईंनी तो वापरायला मागितला तेव्हा लालवाणीबाई हसल्या. "टीचर, उसमें मेंढक रहते हैं." त्या स्वतः महिनाभर दुबईला निघाल्या होत्या. "साफ कर सकती हो तो ले लो. जून में हम सब आएंगे, घर में शादी है. तब तक आपका."

मे महिन्याची सुट्टी लागली त्याच दिवशी बाईंनी मला तिथे नेलं. पाणी इतकं हिरवं होतं की ते पाणी आहे असं वाटेना. वर आंब्याची सुकलेली पानं, भिंतींना बोट बुडेल एवढं शेवाळं, आणि वास असा की मी पदर नाकाला लावला. टँक रिकामा करून परत भरावा, हे सगळ्यांत सोपं झालं असतं. पण मे महिन्यात पिण्याच्या पाण्याची मारामार. टँक भरायला पाणी आणणार कुठून? आहे तेच पाणी स्वच्छ करायचं होतं.

पहिले काही दिवस बाईंसारखा माणूस त्या कामाला हवाच होता. मेकॅनिकच्या डोक्यावर उभं राहून त्यांनी पंप दुरुस्त करून घेतला. माळी रामजी आणि त्या, दोघांनी जाळीने पानं काढली. लांब दांड्याच्या ब्रशने भिंती घासल्या. घासलेलं शेवाळं पाण्यात उतरलं आणि हिरवं पाणी आणखी हिरवं झालं. मग ब्लीचिंग पावडर. शाळेतल्या रसायनशास्त्राच्या काळेसरांनी नीट सांगितलं होतं, की पावडर बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या, वरची निवळी तेवढी टँकमध्ये ओता. बाईंनी पहिली बादली कालवली, तिच्याकडे जरा वेळ बघितलं आणि गाळासकट ओतून दिली. मग उरलेल्या सगळ्या तशाच.

शेवाळं मेलं. दोन दिवसांत हिरवा रंग गेला तेव्हा बाई आनंदाने रामजीच्या पाठीवर थाप मारत होत्या. पण हिरव्याच्या जागी आलं ते पांढरट, दुधात पाणी घातल्यासारखं. हात बुडवला तर मनगटाच्या पुढचा दिसेना.

मी काळेसरांना विचारून आले. ते म्हणाले, "आता तुरटी. विरघळवून सगळीकडे सारखी टाका, पंप बंद करा आणि दोन-तीन दिवस पाण्याला हात लावू नका. सगळा गदळ तळाशी बसेल. मग पाइपने तो हळूहळू बाहेर ओढून घ्या. घाई केलीत तर परत ढवळलं जाईल."

बाईंनी तुरटी टाकली. संध्याकाळी पंप बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघायला गेल्या, तर वरचं वीतभर पाणी निवळलं होतं. "होतंय, होतंय," म्हणत ब्रश घेतला आणि गाळ कितपत बसला ते चाचपायला खाली घातला. एक ढग उठला आणि सगळं परत दुधी झालं. असं एकदा नाही, तीनदा झालं. रामजी नुसता कपाळाला हात लावायचा.

इकडे मुली रोज येत होत्या. बाईंनी त्यांना आधीच बोलावून ठेवलं होतं. टँकच्या कडेला बाकांवर पालथ्या पडून त्या हातपाय मारायच्या. त्यात सविता घाडी होती, आठवीतली, हाडकुळी आणि चुळबुळी. "बाई, बाकावर किती पोहायचं? बाक आता पार झाला!" मुली हसायच्या. बाईही हसायच्या, पण त्यांचा पाय एकसारखा हलत असायचा. सुट्टी सरत आली होती. लालवाणी मंडळी यायला थोडेच दिवस राहिले होते.

एका सकाळी मी गेले तर टँकवर आडवा दोर बांधलेला. बाई म्हणाल्या, "उथळ भागात उतरवतेय. कमरेएवढंच आहे. दोराच्या पलीकडे कोणी जायचं नाही."

"तळ दिसत नाहीये अजून," मी म्हटलं.

"कमरेएवढ्या पाण्यात तळ काय बघायचाय? पायाला लागतो की."

मुली उतरल्या. जुने फ्रॉक गाठ मारून कमरेशी बांधलेले, कोणाच्या अंगात शाळेचाच पी.टी.चा ड्रेस. काय आरडाओरडा, काय आनंद! बाई काठावरून मागेपुढे धावत होत्या. "पाय सरळ! पोट वर! मोरे, नाक धरू नकोस!" मीही हसत उभी होते. तेवढ्यात बाई थबकल्या. त्यांनी शिटी वाजवली आणि ओरडल्या, "घाडी कुठाय?"

सगळ्यांत पुढची एक मुलगी म्हणाली, "आत्ता इथे पुढे होती." तिथे काहीच नव्हतं. पांढरं, सपाट पाणी. ना हात, ना बुडबुडा.

बाईंनी साडीसकट उडी मारली. त्या खाली गेल्या आणि मला त्याही दिसेनाशा झाल्या. वर आल्या, श्वास घेतला, परत गेल्या. डोळ्यांचा काही उपयोगच नव्हता; त्या हातांनी शोधत होत्या. तिसऱ्यांदा वर आल्या तेव्हा त्यांच्या मुठीत सविताची वेणी होती.

रामजीने आणि मी तिला बाहेर ओढलं. बाईंनी तिला पालथी केली, पाठ दाबली. ती पाणी ओकली, खोकली आणि रडायला लागली. ते रडणं ऐकून बाकीच्या मुलीही रडल्या. जवळच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, घाबरण्यासारखं काही नाही. बुडण्यापासून बाहेर काढेपर्यंत फार वेळ गेला नसेल. दवाखान्याच्या पायरीवर सविता कोणाचा तरी टॉवेल पांघरून बसली होती आणि तिला बोलायला सुचत होतं. "बाई, घरी सांगू नका हं. बाबा पाठवायचे नाहीत मग."

डॉक्टरही म्हणाले, पोर ठीक आहे, आता विसरून जा. रामजी हात जोडत होता, मेमसाबला कळू देऊ नका. गुप्तेबाई ओल्या साडीत दवाखान्यासमोरच्या फुटपाथवर येरझाऱ्या घालत होत्या. मग सविताचा हात धरला आणि म्हणाल्या, "चल. तुझ्या घरी जाऊ."

घाडी गिरणीत होते. संपानंतर गिरणी गेली आणि आता एका कारखान्यावर रात्रपाळीचे वॉचमन झाले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा दिवसाची झोप मोडून चटईवर बसलेले. सविताची आई आम्हांला बघून चहाला लागली. बाईंनी तिला थांबवलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं. काही सोडलं नाही, काही सजवलं नाही. "पाणी गढूळ होतं. तळ दिसत नव्हता. तरी मी मुलींना उतरवलं. तुमची मुलगी बुडाली होती. मी काढली. पण ती बुडाली माझ्यामुळे."

सविताच्या आईने पोरीला जवळ ओढलं. घाडींनी पोरीचे ओले केस चाचपले. मग म्हणाले, "पाणी गढूळ आसा, ह्यां तुमका कळत व्हतां?"

"हो."

"मगे उतरवल्यात कशाक?"

गुप्तेबाईंनी तोंड उघडलं. दुसऱ्यांची वाक्यं पुरी करणाऱ्या बाईंना स्वतःचं वाक्य सापडेना. शेवटी म्हणाल्या, "मला थांबता येत नाही, घाडी. येतच नाही."

"माजां एकच चेडू आसा, बाई," घाडी पोरीकडे बघत म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तुमी जावा आता."

दुसऱ्या दिवशी बाई मुख्याध्यापिकांच्या घरी गेल्या आणि तेच सांगितलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अहो, कोणी तक्रार केलेली नाही. कशाला वाढवता?" "तुम्हाला माहीत असायला पाहिजे म्हणून," बाई म्हणाल्या. वर्ग बंद झाला. शाळेच्या मुलींना यापुढे पाण्यात न्यायचं नाही, असं ठरलं. दोन-तीन आया घरी येऊन बाईंना नको नको ते बोलून गेल्या. बाईंनी ऐकून घेतलं.

टँक मात्र तसाच होता. लालवाणीबाईंना तो स्वच्छ करून द्यायचा शब्द दिलेला. बाईंनी पुन्हा तुरटी टाकली, पंप बंद केला, आणि या वेळी एक नवीनच बंदोबस्त केला. त्यांचे यजमान बँकेत होते. बुटके, गुबगुबीत, कधी आवाज न चढवणारे. बाईंनी त्यांना रजा घ्यायला लावली आणि टँकच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसवलं. "मी आले तरी आत सोडायचं नाही."

मी बघायला गेले तेव्हा गुप्तेसाहेब पेपरातलं कोडं सोडवत बसले होते. "सकाळपासून तिसरी खेप," ते मला म्हणाले. "आधी म्हणे चष्मा आत राहिला. मग म्हणे रामजीशी बोलायचंय. आता मांजर आत गेलंय म्हणते." बाई गल्लीच्या टोकाला उभ्या होत्या. "देसाई, बघ गं जरा, वरून कसं दिसतंय?" "मला पण मनाई आहे," मी म्हटलं. खरं तर नव्हती. बाई पाय आपटत निघून गेल्या. संध्याकाळी कळलं, त्या वर्सोव्यापर्यंत चालत गेल्या होत्या आणि चालतच परत आल्या होत्या.

साहेबांनी फाटक उघडलं त्या सकाळी मी होते. बाई काठाशी गेल्या. पाणी असं होतं की आहे की नाही कळू नये. तळाच्या निळ्या फरशा, त्यांच्यावर बसलेला पिठासारखा गदळ, कोपऱ्यात कोणाची तरी लाल रिबीन. आणि दोर अजून तिथेच, वर आडवा बांधलेला.

मला काही लक्षात आलं नाही. बाईंना आलं. त्या दोराकडे बघत होत्या आणि दोराच्या खाली बघत होत्या. तळाचा उतार दोराच्या बराच अलीकडून सुरू झाला होता. दोरापाशी पोहोचेपर्यंत पाणी दोन पुरुष खोल होतं. मुलींना जिथवर जायची परवानगी दिली होती, तिथेच खड्डा होता. सविताने काहीच मोडलं नव्हतं. ती दोराच्या अलीकडेच होती.

मी म्हटलं, "दिसत नव्हतं ना तेव्हा."

"म्हणूनच थांबायचं होतं," बाई म्हणाल्या. मग गुप्तेसाहेबांकडे वळल्या. "पाइपने गाळ तुम्ही काढा. हळूहळू. मी घाडींना घेऊन येते."

त्यांना कोणीही सांगितलं नव्हतं. घाडींना घेऊन येण्याने कोणाचं काही भलं होणार नव्हतं. पण त्या दुपारी घाडी आले, रात्रपाळीच्या खाकी कपड्यांत, आणि मागे सविता. बाईंनी त्यांना काठावर उभं केलं. "हा दोर मी बांधला. उतार तिथून आहे. मुलीची काही चूक नव्हती. तिला रागावला असाल तर... म्हणून दाखवायला आणलं."

घाडी बघत राहिले. मग खाली बसून त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं, वास घेतला, सोडून दिलं. "इतक्यां सोच्छ पाणी गावाक पण नाय," असं काहीसं पुटपुटले. सविता बापाच्या मागे उभी होती आणि पाण्याकडे बघतच नव्हती. ते घाडींच्याही लक्षात आलं असावं.

"आता ह्यां पाण्याक भियातलां," ते म्हणाले. "जल्मभर भियातलां."

त्यांनी शर्ट काढला, घडी करून बाकावर ठेवला. खाकी अर्ध्या विजारीवर टँकमध्ये उतरले आणि उतारावर दोन पावलं खाली, छातीभर पाण्यात पाय रोवून उभे राहिले. दोन्ही हात पसरले.

"माका पेवूक येता, पण शिकवूक येणा नाय," गावच्या विहिरीत पोहायला शिकलेले घाडी म्हणाले. "तुमी शिकवा. मी हय उभो ऱ्हवतंय."

बाईंनी चपला काढल्या. मग सविताकडे गेल्या. नेहमीसारखं "चल" नाही म्हणाल्या. शेजारी पायरीवर बसल्या, पाय पाण्यात सोडले. कितीतरी वेळ दोघी तशाच बसल्या होत्या. बाईंच्या मानेची शीर ताठलेली मला दिसत होती, पदराचं टोक त्या बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या, पण तोंडातून शब्द काढला नाही. घाडी पाण्यात उभेच. शेवटी सविताच म्हणाली, "बाई, उतरू?"

लालवाणी मंडळी येईपर्यंत ते तिघं रोज दुपारी तिथे असत. शाळेचा त्यात संबंध नव्हता. बाप आपल्या मुलीला घेऊन येत होता, एवढंच. शेवटच्या दिवशी सविता या काठावरून त्या काठाला गेली, खोल भागावरून, बापाच्या बाजूने. घाडींनी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाईंना म्हणाले, "कामार जाऊक होया," आणि शर्ट घालून निघाले. पुढे लालवाणींनी बंगला विकला आणि तिथे इमारत उभी राहिली. माझी बदली मुलुंडच्या शाखेत झाली. बाईंची भेट क्वचितच होऊ लागली.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते मार्व्याच्या धक्क्यावर. तोवर त्या रिटायर झाल्या होत्या. मी माझ्या भाचरांना घेऊन समुद्रावर आले होते, आणि मनोरीला जाणाऱ्या होडीत गुप्तेबाई आणि गुप्तेसाहेब बसलेले दिसले. होडी भरल्याशिवाय सुटणार नव्हती. बाई होडीवाल्याची वाट न बघता स्वतःच ओरडत होत्या, "मनोरी, मनोरी! चला, दोनच माणसं हवीत!" होडीवाला हसत होता. मला बघून त्या धक्क्यावर चढून आल्या. केस बरेच पिकले होते.

घरच्यांची चौकशी झाली. मग एकदम, मी काही विचारलं नसताना, म्हणाल्या, "देसाई, एक सवय लागलीय बघ. पाणी दिसलं की आधी हात घालते. बादली असो, नाही तर पिंप असो. तळाला हात टेकेपर्यंत चैन पडत नाही. हे हसतात मला."

"हसतात?"

"हसत नाहीत," त्या म्हणाल्या.

दोन माणसं आली. होडीवाल्याने हाक मारली. बाई उडी मारून होडीत उतरल्या आणि कडेला बसल्या. होडी सुटली. खाडीचं पाणी मातकट, भरतीचं. जरा पुढे गेल्यावर बाई बाजूला वाकल्या आणि कोपरापर्यंत हात त्या पाण्यात सोडला. गुप्तेसाहेब पलीकडे मनोरीच्या दिशेने बघत होते. त्यांनी मान वळवली नाही. फक्त हात मागे नेऊन बायकोचा पदर मुठीत घट्ट धरला, आणि होडी लहान होईपर्यंत तो सोडला नाही.